इतकी शांत सुनावणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शहराचे माननीय नगराध्यक्ष, त्यांच्या शेजारी बसलेले नगरपालिकेचे अधिकारी साहेब, आमच्या वाचक मंडळाचे अध्यक्ष टेलर मास्तर, ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून इथे आलो त्या आपल्या ग्रंथपालबाई, त्यांच्या घरून आलेले त्यांचे भाऊ, वहिनी आणि भाची, मंडळाचे सर्व सभासद, मागे खिडक्यांच्या कट्ट्यावर बसलेली अभ्यासाची मुलं-मुली, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून कपाटांना टेकून उभे राहिलेले सर्व सज्जन, आपणा सर्वांना माझा नमस्कार. कपाटांना जरा बेतानं टेका. त्यांतल्या काहींचे पाय कधीचेच गेले आहेत आणि त्यांच्याखाली आम्ही जुन्या मासिकांचे गठ्ठे सारले आहेत.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या वाट्याला 'सत्कारमूर्तींचा परिचय' एवढंच काम आलं आहे आणि त्यासाठी पाच मिनिटं दिली आहेत. पत्रिका मीच तयार केली, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? पण ज्या माणसाला या खोलीतला प्रत्येक जण रोज पाहतो, त्याचा परिचय कोणी कोणाला करून द्यायचा? तेव्हा परिचयाच्या नावाखाली मी दुसरंच काही बोलणार आहे, आणि वेळही थोडा जास्त घेणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये, ही नम्र विनंती.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मला इथे सगळे सिस्टर म्हणतात. दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी त्यांच्या अंगावर कपडे येण्याआधीपासून ओळखते. अध्यक्षसाहेब, आपण हसलात, पण आपणही त्यांतलेच. आपल्या आईंना विचारा. सध्या मी वाचक मंडळाची चिटणीस आहे, म्हणजे खुर्च्या मांडणं, पत्रं पाठवणं आणि लोकांशी भांडणं या तीन खात्यांचा कारभार माझ्याकडे आहे.

मी या वाचनालयात पहिल्यांदा आले ती वाचायला नाही. खोटं कशाला बोलू? रात्रपाळी करून आले होते. घरी माझ्या सासूबाईंना भेटायला पाहुणे आले होते, आणि दोन खोल्यांच्या घरात पाहुणे म्हणजे झोपेचं नाव नको. मी आपली चालत सुटले आणि दार उघडं दिसलं म्हणून आत शिरले. समोर एक मासिक ओढलं आणि त्याच्यावरच डोकं टेकलं. जाग आली ती कोणाच्या तरी आवाजानं. एक गृहस्थ बाईंना विचारत होते, "ही काय झोपायची जागा आहे?" त्या वेळी बाई अगदी नव्या होत्या, पोरसवदा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "त्यांच्यासमोर मासिक उघडं आहे ना? मग त्या वाचताहेत." आणि उठून माझ्या बाजूच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, ऊन येत होतं म्हणून. त्या दिवसापासून मी इथली झाले. वाचायला हळूहळू लागले. रहस्यकथांपासून सुरुवात केली आणि अजून त्याच वाचते. बाईंनी मला सुधारण्याचा प्रयत्न कधी केला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अजून एक गोष्ट सांगते, त्यात नाव घेणार नाही. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ रोज सकाळी डबा घेऊन इथे यायचे. कपडे इस्त्रीचे, दाढी केलेली. कोपऱ्यातल्या टेबलापाशी वर्तमानपत्र घेऊन बसायचे ते दिवेलागणीला घरी जायचे. बाईंच्या लक्षात आलं की कामावर जाणारा माणूस रोज दुपारी वाचनालयाच्या पायरीवर बसून डबा खात नाही. त्यांची नोकरी गेली होती आणि घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. बाई त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त सकाळी आलेल्या सगळ्या वर्तमानपत्रांतलं नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान त्या बाजूला काढायला लागल्या आणि ते गृहस्थ यायच्या आत ती पानं त्या टेबलावर नीट लावून ठेवायला लागल्या. एकदा त्यांची पत्नी लेकीचं पुस्तक परत करायला आली. बाई दाराशीच उठून गेल्या, "या, तुम्हाला लहान मुलांची नवी पुस्तकं दाखवते," म्हणून तिला पलीकडच्या खोलीत घेऊन गेल्या आणि चांगला अर्धा तास बोलत राहिल्या. आयुष्यात एवढ्या गप्पा त्यांनी कोणाशी मारल्या नसतील! पुढे त्या गृहस्थांना काम लागलं. घरीही त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. आज ते दोघेही या खोलीत आहेत. मी तिकडे पाहत नाही, तुम्हीही माना वळवू नका.

हे मी का सांगते आहे? कारण वाचनालय म्हणजे पुस्तकांची कपाटं, असा एक समज आहे. पुस्तकं तर आहेतच. पण मी दवाखान्यात राहिलेली बाई आहे, माझा हिशोब वेगळा आहे. दवाखान्यात बसायचं तर आजारी असावं लागतं, नाहीतर आजाऱ्याचं नातेवाईक. चहाच्या दुकानात बसायचं तर चहा घ्यावा लागतो, आणि संपला की पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायला येतो. बागेतून शिट्टी मारून उठवतात. कचेरीत अर्ज हातात नसेल तर शिपाई विचारतो, काय काम आहे? साऱ्या गावात ही एकच खोली अशी आहे, जिथे कोणी काही विचारत नाही. यावं, बसावं, जावं. गरीब असाल तर बसा, श्रीमंत असाल तर बसा, घरी भांडून आला असाल तरी बसा. अशी खोली एकदा बंद केली की पुन्हा कोणी बांधत नाही, कारण तिच्यातून कोणाला काही मिळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, तरी सगळ्यांसमोर एकदा उच्चारलेलं बरं. बाई काल निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी नवीन माणूस येणार नाही. ते पदच रद्द करायचं, पुस्तकं पाण्याच्या टाकीजवळच्या गोदामात हलवायची आणि या खोलीत कर भरण्याच्या खिडक्या सुरू करायच्या, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आहे. येत्या सोमवारी सर्वसाधारण सभेत तो मंजुरीला येणार आहे. प्रस्तावात कारण दिलं आहे की हल्ली वाचायचं ते सगळं लोकांना फोनवर मिळतं.

मिळतं ना! मीसुद्धा फोनवर पुष्कळ काही वाचते, त्यातलं निम्मं वाचल्यावर डोकं दुखतं. पण त्या खिडकीत जी मुलगी बसली आहे, हो, तूच, लाजू नकोस, ती रोज इथे परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या घरी सहा माणसं आणि एक खोली. आजोबांचा खोकला, धाकट्यांची भांडणं, संध्याकाळी टीव्ही. फोन तिच्याकडेही आहे. फोनमध्ये टेबल मिळत नाही, साहेब. डोक्यावरचा दिवा आणि शेजारी गप्प बसून अभ्यास करणारं दुसरं माणूसही फोनमध्ये मिळत नाही.

हे सगळं इतकं सरळ होतं, तर मग आम्ही ते वेळेवर सांगितलं का नाही? इथे मला जरा अवघड गोष्ट बोलायची आहे. बाई, तुम्ही मान वर करा. मी बोलणार म्हणजे बोलणारच.

प्रस्तावावर लोकांचं म्हणणं ऐकण्यासाठी गेल्या महिन्यात जाहीर सुनावणी झाली. अधिकारी साहेबांनी मोठ्या मनानं ती इथेच, या वाचनालयातच ठेवली, म्हणजे लोकांना यायला सोपं जावं. आम्ही जय्यत तयारी केली होती. टेलर मास्तरांनी काय बोलायचं ते कागदावर उतरवून आठवडाभर पाठ केलं होतं. शिलाई मशीनवर बसून ते मोठमोठ्यानं म्हणायचे, गिऱ्हाइकांना वाटायचं मास्तरांचं काहीतरी बिनसलं. लोकही भरपूर आले. आज आहेत तेवढेच असतील, कदाचित थोडे जास्तच, कारण त्या दिवशी खाण्याचं काही ठेवलं नसतानाही आले होते.

आता नव्या मंडळींसाठी बाईंची एक पद्धत सांगायला हवी. या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी नाही. कधीच नव्हती. बाईंना पाट्यांचा राग आहे. कोणी बोलायला लागलं की त्या मान वर करत नाहीत, डोळे वटारत नाहीत. हातातल्या पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावरच्या काचेवर दोनदा वाजवतात. टक टक. बस्स. सगळी खोली जागच्या जागी गप्प होते. वर्षानुवर्षं हे चाललं आहे. ज्यांनी लहानपणी ती टकटक ऐकली, त्यांची मुलं आज ती ऐकतात. आमचे एक सभासद बस चालवतात. ते सांगत होते की एकदा थांब्यावर कंडक्टरशी त्यांचं जोरात वाजलं होतं आणि कोणीतरी काचेवर नाण्यानं दोनदा टकटक केलं. वाक्य अर्धवट सोडून हे गप्प! कंडक्टर बिचारा घाबरला, याला झटका आला की काय.

तर सुनावणीच्या दिवशी अधिकारी साहेब प्रस्ताव वाचत होते. सरकारी भाषा ती, लांबलचक. लोकांना अर्धं कळत होतं, अर्धं नाही. 'पद रद्द' हे शब्द आले आणि खोलीत कुजबुज सुरू झाली. 'गोदाम' शब्द आला आणि कुजबुज वाढली. मागच्या रांगेत दोघे-तिघे उठायला लागले. मास्तरांनी खिशातून कागद काढला. मला वाटलं, आता झालं सुरू. बाई नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलामागे बसल्या होत्या. नोकरीत असल्यामुळे त्यांना बोलायची परवानगी नव्हती. समोर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, हातात पेन्सिल होती. खोलीत आवाज वाढला, आणि बाईंच्या हातानं, विचार न करता, सवयीनं, जे आयुष्यभर केलं तेच केलं.

टक टक.

आम्ही सगळे गप्प. उभे राहिले होते ते बसले. मास्तरांचा कागद पुन्हा खिशात गेला. आणि नेमक्या त्याच क्षणी साहेबांनी मान वर करून विचारलं, "कोणाची काही हरकत आहे का?"

कोणी बोललं नाही. साहेबांनी वाट पाहिली. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांनी खरंच वाट पाहिली. पुन्हा विचारलं, "कोणाला काही बोलायचं आहे का?" आम्ही सगळे पुतळ्यासारखे. मास्तरांना वाटलं, एकेकाचं नाव पुकारतील मग बोलू. मला वाटलं, मास्तर सुरुवात करतील. खिडकीतल्या मुलांना वाटलं, मोठी माणसं बोलतील. साहेब म्हणाले, "ठीक आहे. हरकत आलेली नाही, अशी नोंद करतो." फाइल मिटली. जाता जाता बाईंकडे वळून, अगदी मनापासून, म्हणाले, "बाई, इतकी शांत सुनावणी मी आजवर पाहिली नाही. तुमचं कौतुक आहे."

साहेब, आपण हे चांगल्या मनानं बोललात, मला माहीत आहे. पण मी तेव्हा बाईंचा चेहरा पाहिला. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या. मी बाळंतपणाच्या वॉर्डातली बाई. आमच्याकडे मूल जन्मलं आणि आवाज आला नाही की आम्ही हातातलं टाकून धावायचो. शांततेला घाबरायचं, हे मी आयुष्यभर शिकले, दुसऱ्यांना शिकवलं, आणि इथे येऊन बाकीच्यांसारखीच हाताची घडी घालून बसले.

पुढे काय झालं? साहेबांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि बाहेर पायऱ्यांवर अशी काही सभा भरली म्हणता! मास्तरांनी पाठ केलेलं सगळं भाषण तिथे म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. टाळ्या पडल्या. समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. ऐकायला मात्र ज्यांनी ऐकायचं ते कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या घरी आल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. चहा टाकला, तर तो तसाच निवला. म्हणाल्या, "सिस्टर, माझ्या हातानं बंद झालं वाचनालय."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता?"

"लोक बोलणार होते. मी गप्प केलं त्यांना. आयुष्यभर दुसरं काय केलं मी? गप्प बसायला शिकवलं."

मला राग आला. बाईंचा नाही, सगळ्याचाच. मी काहीतरी समजूत घातली, पण समजूत घालणं मला नीट जमत नाही, मी इंजेक्शन देणारी माणूस. बाई डोळे पुसून कामावर गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी पेन्सिल वाजवली नाही. ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. सुरुवातीला दोन पोरांनी मुद्दाम बडबड करून पाहिली, बाईंनी काही केलं नाही. पोरंच ओशाळली आणि आपणहून गप्प झाली. गेला महिनाभर हे वाचनालय पूर्वीपेक्षाही शांत आहे. घरात कोणी अत्यवस्थ असलं की माणसं पावलं न वाजवता फिरतात ना, तसं सगळे इथे वावरत होते. मला ती शांतता सहन होईना.

म्हणून मी आणि मास्तर साहेबांच्या कचेरीत गेलो. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, हे कबूल करते. साहेबांनी बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सिस्टर, मी ऐकलं तेवढं लिहिलं. तुम्ही काही बोललाच नाहीत, तर मी काय लिहू?" आता यावर भांडायचं कसं? मग साहेबच म्हणाले, "सर्वसाधारण सभेच्या आधी नागरिकांनी नगराध्यक्षांसमोर म्हणणं मांडलं, तर ते नोंदवून सभेपुढे ठेवता येतं. पण त्यांची वेळ मिळवा."

वेळ मागायला आम्ही दोनदा गेलो. अध्यक्षसाहेब कामात होते. मी नाराज नाही, गावाचा व्याप मोठा असतो. मग माझ्या लक्षात आलं की नगराध्यक्षांना एखाद्या निवेदनासाठी वेळ काढणं कठीण जातं, पण निरोप समारंभाला ते नाही म्हणत नाहीत. पुष्पगुच्छ असतो, फोटो असतो, आणि कोणी काही मागत नाही. तेव्हा अध्यक्षसाहेब, आजच्या आमंत्रणात थोडी लबाडी होती. बाईंचा सत्कार मनापासूनचा आहे, त्यात काही खोट नाही. पण खुर्च्या मांडताना मी एक खुर्ची लिहून घेणाऱ्यासाठीही मांडली आहे. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंच आहे.

बाई, आधी तुमच्याशी बोलते. तुमच्या हातून वाचनालय बंद झालेलं नाही. तुम्ही आम्हाला गप्प बसायला शिकवलंत, कारण शेजारच्याला वाचता यावं. दुसऱ्यासाठी आपला आवाज आवरायचा, याला मी तरी चांगलं वळण म्हणते. त्या वळणाची आमच्याइतकी सवय दुसऱ्या कोणत्या गावाला असेल, मला माहीत नाही. पण कधी उठून उभं राहायचं, हे शिकवायचं काम तुमचं नव्हतं. ते आम्हाला आमचं कळायला हवं होतं. शेकडो माणसं तुमच्या एका टकटकीमागे लपली आणि दोष तुम्ही एकटीनं घरी नेलात. तो तुमचा नाही. तो इथे ठेवून जा, आम्ही वाटून घेऊ.

अध्यक्षसाहेब, आता आपल्याला विनंती. तोच प्रश्न आपण इथे, या खोलीत, पुन्हा एकदा विचारावा. आणि अधिकारी साहेबांनी उत्तरं लिहून घ्यावीत. नियमात बसतं का, साहेब? आपण मान हलवलीत, पण ती कशी हलवलीत ते मागच्यांना दिसलं नाही. माईकवर सांगता का? बसतं म्हणाले! नोंद घेता येईल, निर्णय सोमवारच्या सभेतच होईल. अगदी बरोबर. निर्णय आम्ही आज मागतच नाही. सभेत हात वर करताना प्रत्येक सदस्याला माहीत असावं की इथे कोण बसतं, एवढंच आमचं मागणं आहे.

अध्यक्षसाहेब, विचारता ना? मी ढकलत नाही आपल्याला. आपण नाही म्हणालात तरी पुष्पगुच्छ परत घेणार नाही.

धन्यवाद. मागे ऐकू आलं का सगळ्यांना? अध्यक्षांनी विचारलं आहे, कोणाची हरकत आहे का.

मास्तर, उठा. कागद नको, राहू दे तो खिशात. तुम्हाला पाठ आहे. आणि पाठ नसलं तरी चालेल, साधं सांगा. मोठ्यानं! 'माझी हरकत आहे. माझी दोन्ही मुलं या टेबलावर शिकली आणि मी त्यांच्या शेजारी बसून वाचायला शिकलो.' मास्तर, हे तुमच्या भाषणात नव्हतं. इतक्या वर्षांत मला हे कधी बोलला नाहीत. बसा, बसा. लिहिलंत ना, साहेब?

खिडकीतली मुलगी. हो, बोल. काय? पुन्हा म्हण, इकडे पोचलं नाही. 'परीक्षा झाली तरी मी येणार आहे.' शाब्बास. साहेब, तिचं नाव विचारून घ्या, तिला नीट सांगता येतं.

कोण ते? बसवाले भाऊ. आणि त्यांच्यामागे त्यांच्या मिसेस. एकेकानं, एकेकानं बोला! नाही, थांबा, माझंच चुकलं. थांबू नका. एकदम बोललात तरी चालेल. साहेबांचा हात भरून आला तर दुसरं कोणीतरी लिहील, इथे लिहिता येणाऱ्यांची काही कमी नाही. कपाटाजवळचे, तुम्ही पण. पुढे या. पुढे येऊन सांगा.

हे चालू राहू द्या. तोवर मी माझं उरलेलं काम उरकते.

मंडळातर्फे बाईंना भेट काय द्यावी, यावर आमची बरीच वादावादी झाली. घड्याळ सुचवलं गेलं, साडी सुचवली गेली, शेवटी भाचीला विचारलं, तर ती म्हणाली, आत्याला काही नको असतं. मग मास्तरांना आठवलं की बाई इथल्या सभासद कधीच नव्हत्या. गावाला पुस्तकं दिली, पण नोकरीत असताना स्वतःच्या नावावर एकही पुस्तक घरी न्यायचं नाही, असा त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला नियम. तर बाई, आज सकाळी मंडळानं तुम्हाला सभासद करून घेतलं आहे. हे तुमचं कार्ड. काल संध्याकाळपर्यंत तुम्ही नोकर होतात, तुम्हाला बोलायची परवानगी नव्हती. आज तुम्ही आमच्यासारख्याच एक वाचक आहात, आणि तुमचं वाचनालय बंद करायला निघाले आहेत. अध्यक्षांनी विचारलेला प्रश्न तुमच्यासाठीही आहे.

आता आभार. अध्यक्षसाहेब, आपण आलात आणि विचारलंत, त्याबद्दल आपले. अधिकारी साहेब, आपण आजही लिहिताहात, त्याबद्दल आपले. बाईंना इतकी वर्षं आम्हाला उसनं दिलं म्हणून त्यांच्या घरच्या सगळ्यांचे. आणि ज्यांनी आज तोंड उघडलं त्या प्रत्येकाचे मी मंडळातर्फे मनापासून आभार मानते. मी कार्यक्रमपत्रिका मोडली, पाहुण्यांना न विचारता कामाला लावलं, कोणाची थट्टा केली, कोणाचं गुपित अर्धं उघडं केलं. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर वॉर्डातली जुनी सिस्टर आहे असं समजून पोटात घाला. माझ्या चुका माझ्या, त्यांची शिक्षा या खोलीला नको.

बाई, या. अहो, हात कसला वर करता, शाळा आहे का ही? सरळ या. बसवाले भाऊ, त्यांना वाट द्या. सगळ्यांनी आता ऐका. साहेब, पान उलटून घ्या, इथून पुढचं नवीन पानावर लिहा.

बाई, हा माईक असा तोंडाजवळ धरा. आणि हळू बोलू नका.